ओटारचे पंधरा दिवस

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला उत्तरेकडच्या सागरी मोहिमांवरचा लेख वाचला. लेख रंजक आहे, चित्रेही सुरेख. पण १५५३ साली रिचर्ड चॅन्सलर या इंग्रज नाविकाने नॉर्वेच्या टोकाला वळसा घालून रशियाच्या वायव्येच्या श्वेत समुद्राची वाट 'शोधली', असे त्यात ठोकून दिले आहे. त्याआधीच्या सगळ्या काळाची बोळवण 'व्हायकिंग चाचे त्या भागात फिरत असत' या एका वाक्यात झाली आहे. ते वाक्य फार खटकले. मर्चंट नेव्हीत डेकवर एकतीस वर्षे काढली आणि त्या टोकाला एकदा स्वतः वळसा घातला, म्हणून हा पत्रप्रपंच.

चॅन्सलरच्या साडेसहाशे वर्षे आधी त्याच वाटेने एक माणूस गेला होता. त्याचे नाव ओटार. जुन्या इंग्रजीत ओथेरे. तो चाचा होता की नव्हता ते बाजूला ठेवू, पण त्याने जे पाहिले ते सांगून ठेवले आणि दुसऱ्यांनी लिहून ठेवले. नॉर्समन (नॉर्वेकडच्या) मंडळींत सगळ्यांत उत्तरेला आपलेच घर, असे तो म्हणे. त्याचा मुलूख हालोगालांड, म्हणजे आजचा उत्तर नॉर्वे. इ. स. ८९० च्या सुमारास तो दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याच्या आल्फ्रेड राजाकडे आला. या राजाची उमेदीची वर्षे डेन लोकांशी लढण्यात गेलेली. ८७८ मध्ये एडिंग्टनला त्याने त्यांना हरवले होते. त्याच्यापुढे आता हा उत्तरेकडचा दर्यावर्दी वॉल्रस या सुळेवाल्या समुद्री प्राण्याचे दात नजराणा म्हणून घेऊन उभा. त्या दिवसांत आल्फ्रेडच्या पदरच्या विद्वानांचे ओरोसियस या पाचव्या शतकातल्या पाद्र्याचा लॅटिन इतिहास जुन्या इंग्रजीत आणण्याचे काम चालू होते. ओरोसियसला उत्तर युरोपची फारशी माहिती नव्हती. ती उणीव भरून काढायला ओटारची हकीगत मध्ये घातली गेली, आणि म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

हकीगत जेमतेम काही पानांची. ही जमीन उत्तरेला कुठवर जाते आणि त्या ओसाडीपलीकडे कोणी राहते का, हे बघायची ओटारला हौस आली. उजव्या हाताला ओसाड किनारा, डाव्या हाताला उघडा समुद्र, असा तो तीन दिवस उत्तरेला गेला. देवमाशांचे शिकारी फार तर इथवर येत, असे तो सांगतो. तो पुढे आणखी तीन दिवस गेला. मग जमीन पूर्वेला वळली. तिथे थांबून त्याने पश्चिमेच्या, जरासा उत्तरेकडे झुकलेल्या वाऱ्याची वाट पाहिली आणि चार दिवस पूर्वेला शीड हाकले. मग जमीन दक्षिणेला वळली. पुन्हा मुक्काम, आता थेट उत्तरेच्या वाऱ्यासाठी, आणि मग पाच दिवस दक्षिणेला. तीन, तीन, चार, पाच. पंधरा दिवस शिडावर. शेवटी एक मोठी नदी लागली. आजच्या नकाशावर बोट ठेवले तर हा प्रवास नॉर्वेचे उत्तर टोक नॉर्थ केप ओलांडून रशियाच्या कोला द्वीपकल्पाला वळसा घालतो आणि श्वेत समुद्रात शिरतो. नदी नेमकी कोणती यावर अभ्यासक अजून भांडतात.

या मजकुरात एक गोष्ट आहे, जी फक्त डेकवर उभे राहिलेल्या माणसालाच सुचेल. जमीन पूर्वेला वळली असे सांगताना ओटार लगेच म्हणतो, की जमीन वळली का समुद्रच जमिनीत शिरला, हे आपल्याला ठाऊक नाही. दक्षिणेच्या वळणावर पुन्हा तेच. नकाशा हाती नसताना, पाण्यापासून चार हात उंचीवरून पाहिले तर भूशिर संपले की खाडीचे तोंड उघडले, हे खरोखर कळत नाही. आमच्या वेळी रडारचा पडदा होता, चार्ट होते, तरी अनोळखी किनाऱ्यावर धुके उतरले की ब्रिजवर सगळ्यांची बोलती बंद व्हायची. दरबारात छाती फुगवून 'जमिनीचे टोक मी पाहिले' म्हणायला त्याला कोण अडवणार होते?

वाऱ्यासाठी थांबणेही तसेच. त्या बोटींचे एकच चौकोनी शीड. वाऱ्याच्या तोंडावर चढत जाणे त्यांना जड जाई. माझे आजोबा गलबतावर तांडेल होते. वारा फिरत नाही तोवर एखाद्या बंदरात दिवसचे दिवस पडून राहण्याच्या गोष्टी ते सांगत, तेव्हा आम्हा पोरांना कंटाळा यायचा. ओटार वाचताना त्या आठवल्या.

ऐंशीच्या दशकात मुर्मान्स्क या रशियन बंदराला जाताना आम्ही जुलैत नॉर्थ केपवरून गेलो. माझी बारा ते चारची रात्रपाळी. रात्र फक्त घड्याळात! सूर्य उत्तरेला क्षितिजाच्या वितभर वर, तांब्याच्या ताटासारखा, बुडायचे नाव नाही. सुकाणूवरचा रत्नागिरीचा पोरगा शेवटी म्हणाला, "साहेब, डबा खायचा कधी तेच कळत नाय." ओटार दिवसांनी अंतर मोजतो, पण मावळतच नसलेल्या दिवसांत तो रात्री चालत होता की नांगर टाकत होता, ते सांगत नाही. दक्षिणेकडच्या प्रवासाबद्दल मात्र तो स्पष्ट आहे. आपल्या घरून शिरिंगेस्हेआल या बंदरापर्यंत, रोज रात्री मुक्काम केला आणि रोज अनुकूल वारा मिळाला, तरी महिन्याभरात पोचता येणार नाही, असे तो म्हणतो.

या हकीगतीत उजवी बाजू 'स्टेओरबोर्ड' आहे, म्हणजे सुकाण्याच्या वल्ह्याची बाजू. डावी बाजू 'बॅकबोर्ड', म्हणजे सुकाणू धरणाऱ्याच्या पाठीची. कॅडेट असताना स्टारबोर्ड हा शब्द मी घोकून पाठ केला. तो अकराशे वर्षांपूर्वी या हकीगतीत असा लिहिला गेला होता, हे निवृत्तीनंतर समजले.

नदीच्या पलीकडे वस्ती होती. ओटार तिला बेओर्मा लोकांचा मुलूख म्हणतो. घर सोडल्यापासून दिसलेली पहिली नांदती शेती ती. पण पुढे जाण्याची त्याची छाती झाली नाही, हल्ला होईल अशी भीती वाटली, आणि हेही तो राजासमोर कबूल करतो. बेओर्मांनी त्याला आपल्या आणि आजूबाजूच्या देशांबद्दल पुष्कळ गोष्टी सांगितल्या. त्यांवर त्याचा शेरा असा: त्यात खरे किती ते ठाऊक नाही, कारण मी स्वतः पाहिलेले नाही.

फिन (म्हणजे उत्तर नॉर्वेकडचे आजचे सामी लोक) आणि बेओर्मा जवळपास एकच भाषा बोलतात असे आपल्याला वाटले, हेही त्याने जाता जाता सांगून टाकले. याला एक गमतीदार शेपूट आहे. १७६९ साली शुक्राचे अधिक्रमण (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना) पाहायला यानोश शाइनोविच हा हंगेरियन जेझुइट पाद्री याच किनाऱ्यावरच्या वार्डो बेटावर आला. तिथे सामी भाषा ऐकून ती हंगेरियनची नातलग आहे हे त्याने ओळखले, आणि १७७० मध्ये तसे छापले. भाषाशास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव मानाने घेतले जाते. भाषांचे नाते ओळखणारा कान ओटारलाही होता, एवढेच.

तो साधुसंत नव्हता, हेही लिहायला हवे. मुलूख पाहण्याबरोबर त्याचा मुख्य डोळा वॉल्रसवर होता. दात मौल्यवान आणि कातड्याचे दोर जहाजाला उत्तम. वॉल्रस फार तर सात हात लांब, असे तो सांगतो. (मूळ माप 'एल', कोपरापासून धरलेले, म्हणून आपला 'हात' त्याला चपखल बसतो.) अर्ध्या मीटरचा हात धरला तर साडेतीन मीटर, आजही मोठा नर भरतो तेवढाच. त्याच्या मुलखातले देवमासे अठ्ठेचाळीस-पन्नास हात, हेही पटण्यासारखे. पण सहा जणांनी दोन दिवसांत साठ मारले, हे मात्र पन्नासहाती देवमाशांबद्दल असेल तर कुठल्याही तांडेलाला पटणार नाही. ती संख्या वॉल्रसची असावी आणि लिहिणाऱ्याने जागा चुकवली असावी, असे काही अभ्यासक म्हणतात, आणि मीही त्यांच्याच बाजूचा.

त्याच्याकडे सहाशे रेनडिअर, पण गायी वीसच, मेंढ्या वीस, डुकरे वीस. खरी कमाई फिन लोकांकडून घेतलेल्या खंडणीची. त्यांच्यातला जो वरच्या कुळातला, त्याने पंधरा मार्टेनची (मुंगसासारख्या लोकरी प्राण्याची) कातडी, पाच रेनडिअरची, एक अस्वलाचे, दहा मापे पिसे, अस्वलाच्या किंवा पाणमांजराच्या कातड्याचा अंगरखा आणि साठ साठ हातांचे दोन दोर द्यायचे. एक देवमाशाच्या कातड्याचा, दुसरा सीलच्या. ही सगळी यादी वाचली की त्या 'ओसाड' किनाऱ्यावर किती हात राबत होते ते दिसते. त्या वाटेवर फिन पारधी, कोळी आणि पक्षी पकडणारे होतेच, असे ओटारच सांगतो. 'मी शोधले' असे तो कुठेच म्हणत नाही.

चॅन्सलरचे श्रेय मला कमी करायचे नाही. तीन जहाजांची ती मोहीम वादळात पांगली. तिचा प्रमुख ह्यू विलोबी दोन जहाजांसह कोलाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात अडकला आणि त्या दोन्ही जहाजांवरचा एकही माणूस वाचला नाही. चॅन्सलर तरीही श्वेत समुद्रात पोचला, तिथून मॉस्कोला जाऊन झार इव्हानला भेटला, आणि त्यातून १५५५ मध्ये रशियाशी व्यापार करणारी मस्कव्ही कंपनी उभी राहिली. नॉर्थ केप हे नावही त्याच मोहिमेने दिले. इंग्लंडचा रशियाशी व्यापार त्याने सुरू केला असे लिहा, माझी हरकत नाही. 'वाट शोधली' हे मात्र खोडून टाकावे. ओटारच्या हकीगतीचे आधुनिक इंग्रजी भाषांतर सहज मिळते, आणि मराठीत आणायला वर्तमानपत्राचे अर्धे पान पुरेल. आपल्या पुरवणीत एखाद्या रविवारी ती छापावी अशी विनंती आहे. भाषांतराचे काम मी करून देईन, मानधन नको.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त डेक ऑफिसर, देवगड

ता. क. लेखासोबतच्या नकाशात श्वेत समुद्र कोला द्वीपकल्पाच्या उत्तरेला दाखवला आहे. तो दक्षिणेला हवा. ओटारला तिथे जायला उत्तरेचाच वारा का लागला, ते तुमच्या नकाशावरून कोणालाच कळणार नाही.