उभ्या पियानोचा आवाज मागच्या बाजूला असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी वादन मुद्रित करण्याविषयी आलेला लेख वाचला. त्यातला गायन आणि पेटीविषयीचा मजकूर उपयुक्त आहे. मात्र ‘माइक वाद्यासमोर ठेवा, उरलेले इक्वलायझरने (म्हणजे खालच्या-वरच्या स्वरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) सुधारा’ हा सल्ला उभ्या, म्हणजे अपराइट पियानोला लागू पडत नाही, आणि तो प्रमाण मानून मुले महिनोन्‌महिने मेहनतीने बसवलेल्या रचना बसक्या आवाजात मुद्रित करतील, या काळजीपोटी हे पत्र लिहीत आहे. संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या एबीआरएसएम या संस्थेच्या 2020 मध्ये सुरू झालेल्या ‘परफॉर्मन्स ग्रेड’ परीक्षा पाठवलेल्या चित्रमुद्रणावरून घेतल्या जातात आणि आपल्याकडची मुलेही त्या देतात. त्यात सर्व रचना एका सलग मुद्रणात वाजवाव्या लागतात, मागाहून काटछाट चालत नाही. त्यामुळे आवाजाची जी काही काळजी घ्यायची, ती पहिली पट्टी दाबण्यापूर्वीच घ्यावी लागते.

उभ्या पियानोत तारा उभ्या ताणलेल्या असतात आणि त्यांच्यामागे साउंडबोर्ड, म्हणजे लाकडाचा मोठा, पातळ पडदा असतो. एकट्या तारेचा आवाज अगदी क्षीण असतो. तो खोलीभर होतो तो या लाकडामुळे. जागेअभावी आपण पियानो भिंतीला टेकवून ठेवतो, तेव्हा नेमका हा साउंडबोर्ड भिंतीकडे तोंड करून राहतो आणि वादकाच्या बाजूला येतात त्या पॉलिश केलेल्या फळ्या. समोरच्या माइकला मग फळ्यांतून गाळून आलेला स्वर, पट्ट्यांची खटखट आणि पेडलचा धप्प आवाज एवढेच प्रामुख्याने मिळते. गिरगावातल्या माझ्या खोलीत मी स्वतः दोन वर्षे अशीच मुद्रणे केली आणि दोष माइकला देत राहिले.

पियानो भिंतीपासून निदान दीड फूट पुढे घ्यावा. हे काम एकट्याने कधीही करू नये, कारण वजन 200 किलोंच्या आसपास, बहुतेक सगळे मागच्या बाजूला, आणि जुन्या वाद्याची चाके लाद्यांच्या सांध्यात अडकली की ते मागे कलंडू शकते. वरचे झाकण उघडावे आणि जमल्यास गुडघ्यांसमोरची फळी काढावी. ती बहुधा एका पट्टीस्प्रिंगवर बसवलेली असते आणि पट्टी वर दाबताच सुटते. मग माइक हातात घेण्याआधी कुणाला तरी वाजवायला बसवून, एका कानात बोट घालून पियानोभोवती सावकाश फिरावे. जिथे डावा आणि उजवा हात सारख्या वजनाने ऐकू येतील, तिथे माइक लावावा. माझ्या वाद्यात ही जागा साउंडबोर्डच्या मागे, सुमारे फूटभर अंतरावर, मध्यापासून थोडी तार सप्तकाकडे सापडली. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा माइक याहून जवळ नेला की खर्ज फुगतो.

दुसरा माइक उघड्या झाकणावर लावला तर हातोड्यांचा स्पष्टपणा मिळतो, पण एक गोष्ट सांभाळावी लागते. साउंडबोर्ड पुढे सरकतो तेव्हा त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते, त्यामुळे हे दोन माइक एकमेकांच्या उलट लहरी नोंदवू शकतात. दोन्ही एकत्र ऐकताना खालचे स्वर पोकळ वाटले, तर एका माइकची पोलॅरिटी, म्हणजे त्याच्या लहरीची वर-खाली दिशा, उलटी करून पाहावी. मोबाइलवरच मुद्रण करणार असाल, तर आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय बंद करता येईल असे ॲप वापरावे. नाहीतर हळुवार स्वर फुगवले जातात, जोरकस स्वर दाबले जातात आणि वादकाने कमावलेला चढउतारच नाहीसा होतो.

इक्वलायझरला मी विरोध करत नाही. परीक्षेसाठी नसलेल्या मुद्रणात 250 ते 400 हर्ट्झच्या दरम्यान दोन-तीन डेसिबल कमी केले की डब्यातून आल्यासारखा आवाज बराच मोकळा होतो. खर्ज वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. पियानोचा सर्वांत खालचा स्वर 27.5 हर्ट्झचा असला, तरी उभ्या पियानोच्या आखूड तारांतून तो मूळ स्वर जेमतेम निघतो आणि आपण ऐकतो ते मुख्यतः त्याचे वरचे स्वरांश, म्हणजे त्याच तारेतून सोबत निघणारे उंच सूर. तिथली पातळी वाढवली की पियानोऐवजी रस्त्यावरच्या बसची घरघर वाढते. खोलीचेही तसेच आहे. दहा फूट अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झच्या खालच्या स्वराची लहर जागच्या जागी उभी राहते आणि नेमक्या मधोमध ठेवलेल्या माइकला ती जवळजवळ ऐकूच येत नाही. जे माइकपर्यंत पोचलेच नाही, ते इक्वलायझर कुठून आणणार? माइक दोन फूट सरकवला तर ते मिळते.

पावसाळ्यातल्या मुद्रणाविषयीही लेखात काही नव्हते. दमट हवेत साउंडबोर्ड फुगतो, तारांवरचा ताण वाढतो आणि मधल्या सप्तकांतले स्वर चढतात. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये मुद्रण ठरवताना ट्यूनरची वेळ आधी घ्यावी आणि त्यानंतरच्या दोन-चार दिवसांतच मुद्रण उरकावे. पुरवणीच्या पुढच्या अंकात ही दुरुस्ती छापावी, ही विनंती. येत्या सत्रासाठी अनेक घरांत मुद्रणाची तयारी आत्ताच सुरू झाली आहे.

आपली नम्र,
एक पियानोशिक्षिका, गिरगाव, मुंबई