वरच्या टेबलाचे आभार, अण्णा

प्रिय अण्णा,
साष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात पपया नर्सरीवरून सातपूर कॉलनीकडं वळलो, तर तुमच्या परमिट रूमचा बोर्ड काढलेला दिसला. भिंतीत नुसते चार बोल्ट राहिलेत. तिथं आता मोबाईलचं दुकान येणार, असं शेजारचा पानवाला म्हणाला. तुम्ही उडुपीकडं गावी गेल्याला बरीच वर्षं झाली, हेही त्यानंच सांगितलं आणि तुमच्या पुतण्याचा पत्ता मिळवून दिला. गाडी बाजूला लावून मी वर बघत उभा राहिलो. फॅमिली रूमची ती बारकी खिडकी अजून आहे. त्या खिडकीखालच्या टेबलाचे आभार मानायचे पस्तीस वर्षं राहून गेले, म्हणून हे पत्र.

तुम्हाला आमचं घर आठवत असेल. एक खोली, त्यातच मोरी, आणि आम्ही पाच जण. अप्पा बहुतेक तिसऱ्या शिफ्टला असायचे. रात्री अकराला जायचे, सकाळी सातला सुटायचे आणि दुपारभर झोपायचे. ते झोपले की आई आम्हाला कुजबुजायलासुद्धा मनाई करायची. १९८९ साली मला त्र्यंबक रोडच्या आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड, म्हणजे लेथवरचं काम, शिकायला मिळाला. सकाळची शिफ्ट करून मी दोनपर्यंत घरी यायचो, पण ड्रॉइंग बोर्ड पसरायचा कुठं? तो ठेवला की खोलीत पाय टाकायला जागा उरत नव्हती. मग मी तुमच्या दुकानाच्या ओट्यावर बोर्ड मांडीवर घेऊन बसायला लागलो, कारण तिथं सावली होती.

चार-पाच दिवस तुम्ही काही बोलला नाहीत. मग एके दिवशी गल्ल्यावरूनच म्हणालात, "अरे, उन्हात कागद पिवळा होतो. वर जा. सहा वाजता उतरायचं, आणि खालच्या कोणत्या टेबलाजवळ थांबायचं नाही." तेवढंच. वर ट्यूबलाइट होती, पंखा होता, सनमायक्याचं लांबलचक टेबल होतं. संध्याकाळशिवाय तिकडं कुणी फिरकायचं नाही. टी-स्क्वेअर, ड्रॉइंगची ती लांब पट्टी, पहिल्यांदा पूर्ण पसरली ती त्या टेबलावर.

पहिले काही दिवस मी घाबरून असायचो. बारमध्ये बसतो असं कुणी घरी सांगितलं तर काय होईल, ही धास्ती. साडेतीनला पहिल्या शिफ्टची माणसं आली की जिन्यातून आवाज वर यायचे. बिडीचा वास, उकडलेली अंडी, मीठ-मसाला लावलेले शेंगदाणे, स्टीलच्या ग्लासांचा खणखणाट. निम्मी माणसं धुळे-जळगावकडची. "कसा शे भाऊ" म्हणत एकमेकांना अहिराणीत विचारायची आणि मग तासभर नुसतं मशीनचं बोलायची. कुणाचा जॉब रिजेक्ट झाला, कुणाला ओव्हरटाइम मिळाला नाही, कुणाचं बोट गेलं. १९८२ ला सातपूर नाशिक महापालिकेत गेलं, तरी ही माणसं नाशिकच्या मेन रोडला निघाली की "गावात जातो" म्हणायची. आपलं गाव म्हणजे कंपनी, कॉलनी आणि तुमचा बार.

आणि मग ते व्हर्नियर. जाडी मोजायचं ते व्हर्नियर कॅलिपर मला कळतच नव्हतं. वर्गात लीस्ट काउंट, म्हणजे त्यानं मोजता येणारं सगळ्यात बारीक माप, ०.०२ मिलिमीटर असं पाठ करून टाकलं होतं, पण का, हे माहीत नव्हतं. तुम्ही चहा द्यायला वर आलात, माझं तोंड बघितलंत आणि जिन्यातूनच खाली ओरडलात, "टूलरूमवाला कोण आहे रे? वर पोराला अडलंय." एक काका उठले. तुम्ही त्यांना जिन्याच्या पायरीशी थांबवलंत आणि म्हणालात, "ग्लास खाली ठेवायचा." त्यांनी ठेवला. तेव्हापासून तो नियमच झाला. जो कुणी वर येईल तो ग्लास खाली ठेवून येईल.

त्या काकांनी काड्यापेटी घेतली, माझं कॅलिपर घेतलं आणि दाखवलं, की मुख्य पट्टीवरच्या एकोणपन्नास मिलिमीटरचे सरकत्या पट्टीवर पन्नास भाग केलेत, म्हणजे एक भाग ०.९८ चा. एक वजा ०.९८, म्हणजे ०.०२. बस. मग पेटीची जाडी मला मोजायला लावली, तीनदा, तिन्ही वेळा वेगळी आली, तर म्हणाले, "हात थरथरतोय, श्वास सोड." तो श्वास सोडायला मी आजही नव्या पोरांना सांगतो.

पुढं दोन वर्षं कुणी ना कुणी वर येत राहिलं. टेपरचा कोन कुणी समजावला, थ्रेडचा पिच कुणी. फर्स्ट अँगल प्रोजेक्शन या ड्रॉइंगच्या पद्धतीत प्लॅन, म्हणजे वरून दिसणारं चित्र, खाली का येतो, हे एका वेल्डरकाकांनी तुमची रिकामी बाटली टेबलावर उभी करून, मग आडवी करून दाखवलं. बाटलीचा ओला गोल माझ्या शीटवर उठला होता, तो रबरानं गेला नाही. इन्स्ट्रक्टर ओरडले. मी कारण सांगितलं नाही.

तुमच्या धंद्याबद्दल मला खोटं चांगलं लिहायचं नाही. आमच्याच लायनीत दारूनं दोन घरं बसली, ते मी डोळ्यानं बघितलं. सात तारखेला पगार व्हायचा आणि संध्याकाळी तुमच्या दारासमोर बायका उभ्या असायच्या, त्यात माझ्या वर्गमित्राची आईही असायची. तिला पाहून तुम्ही गल्ला सोडून बाहेर यायचात, तिच्या नवऱ्याला हाताला धरून बाहेर आणायचात आणि पाकीट तिच्या हातात देईपर्यंत तिथंच थांबायचात. तो शिव्या द्यायचा. काही महिन्यांनी तो दुसऱ्या गुत्त्यावर जायला लागला आणि त्याला तुम्ही वाचवू शकला नाहीत. पण तुम्ही गिऱ्हाईक घालवलंत, हे मला माहीत आहे.

अप्पांचं सांगायचं राहिलं. सातपूरच्या कारखान्यांची सुट्टी शनिवारी, आणि शनिवारी अप्पा तुमच्याकडं यायचे. म्हणून शनिवारी मी वर जायचो नाही. एकदा परीक्षा जवळ आली होती, गेलो. अप्पा आले, आणि कुणीतरी त्यांना म्हणालं, "तुमचा पोरगा वर शिकतोय की." जिन्यावर त्यांची पावलं मला कळली. ते अर्ध्या जिन्यात थांबले. बोर्ड, पेन्सिली, पसरलेलं शीट बघितलं. मी उभा राहिलो होतो. काही न बोलता ते खाली उतरले आणि त्या दिवशी न पिता घरी गेले.

पुढच्या शनिवारी त्यांनी तुमच्याशी भांडण काढलं, चहाच्या पैशावरून. तुम्ही माझ्या चहाचे पैसे घेत नव्हतात, ते त्यांना पटेना. शेवटी तुम्ही उधारीची वही काढलीत आणि त्यांच्या नावाखाली लिहायला लागलात: "वरचा चहा". त्यांची कंपनी सात महिने बंद पडली तेव्हा बाकीचं सगळं थकलं. त्या काळात कामगारांच्या बैठका तुमच्याच हॉलमध्ये व्हायच्या, कुणी काही मागवलं नाही तरी तुम्ही पंखे चालू ठेवायचात. वही मात्र अप्पांनी कंपनी सुरू झाल्यावर पूर्ण फेडली. अप्पा गेले त्या वर्षी त्यांच्या पेटीत तुमच्या हातची एक पावती सापडली. त्यावर तीन ओळी आहेत, त्यातली एक "वरचा चहा".

मी १९९१ ला पास झालो, अप्रेंटिसशिप केली, टूलरूममध्ये लागलो. आता अंबडला माझं छोटं शॉप आहे, दोन सीएनसी मशीन आणि एक जुना लेथ. शॉपवर माळा काढलाय. तिथं एक टेबल आणि ट्यूबलाइट आहे. दुपारी आयटीआयची दोन पोरं येऊन बसतात.

तुम्हाला आठवतं, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आई खापरावरचे मांडे आणि आमरस माझ्या हाती तुमच्याकडं पाठवायची? तुमचे वेटर, सगळे तुमच्याच गावाकडचे, टेबलं जोडून झोपलेले असायचे, ते उठून बसायचे. मांडा केवढा मोठा म्हणून हसायचे. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. खापर तिनं माझ्या बायकोच्या ताब्यात दिलंय, पण मांडा अजून स्वतःच्या हातावरच मोठा करते. पत्र लिहितोय म्हटल्यावर म्हणाली, "त्यांना विचार, प्रवास झेपेल का." अण्णा, झेपेल का? मंगळूरकडून येणाऱ्या गाडीचं तिकीट मी काढतो, मुंबईला घ्यायला येतो. आखाजीच्या आधी दोन दिवस कळवा, म्हणजे आंबे आणायला बरं पडेल.

तुमचा,
वरच्या टेबलावरचा पोरगा
सातपूर, नाशिक