तात्यांचा खडा आणि स्टेंटची तारीख

लीड्स, १० ऑगस्ट

ती. दादा आणि वहिनी यांस सा. न.

तात्यांचे रिपोर्ट पाहिले. पित्तनलिका ११ मिमी फुगली आहे आणि तिच्या खालच्या टोकाशी ९ मिमीचा खडा आहे. सोनोग्राफीत तो दिसला नाही यात कुणाची हयगय नाही. ते टोक आतड्यातल्या गॅसआड लपतं, म्हणून तर एमआरसीपी, म्हणजे पित्तमार्गाचा एमआरआय, करायला लावली. ही अडथळ्याची कावीळ आहे. ती कुणाकडून उतरवून घ्यायला गावोगाव फिरू नका. थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री पिंपळगावहून नाशिकला हलवा. तुंबलेल्या पित्तातला जंतुसंसर्ग रक्तात उतरतो आणि काही तासांत बीपी कोसळू शकतं.

ईआरसीपीत, म्हणजे घशातून आतड्यापर्यंत दुर्बीण घालून, खडा काढताना नलिकेच्या तोंडाला छेद देतात, त्यामुळे रक्तस्राव हा एक धोका. तात्यांची रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी बंद करतात, पण ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. अ‍ॅस्पिरिन सहसा चालू ठेवतात. कावीळीत व्हिटॅमिन के अंगी लागत नाही, तेव्हा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) १.५ च्या वर असेल तर त्याचं इंजेक्शन देतात. दुसरा धोका स्वादुपिंडाला सूज येण्याचा, शंभरात ३ ते १० जणांना. तो कमी करायला १०० मिलिग्रॅम डायक्लोफिनॅक गुदमार्गे देतात. देणार का, हे आधीच विचारा, आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवा, कारण किडनी कमजोर असेल तर ते टाळतात. घरी आल्यावर पोटातून पाठीत जाणारी कळ आली, तर गॅस समजून गोळी देत बसू नका. लगेच लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेची रक्ततपासणी, करायला न्या.

९ मिमीचा खडा बलूनने (छोट्या फुग्याने) किंवा बास्केटने (तारेच्या जाळीने) बहुधा निघेल. तरी प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी, आत ठेवला, तर तो ३ महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा. नंतर तो गाळाने तुंबतो आणि ताप-कावीळ परत सुरू. काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. ती नेमकी द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या आसपास येणार, आणि तात्या 'छाटणी उरकू दे' म्हणणार हे मी आत्ताच सांगते. ऐकू नका.

पित्ताची पिशवी शक्यतो दोन आठवड्यांच्या आत काढून घ्या, नाहीतर तिच्यातला पुढचा खडा खाली सरकेल. दुर्बिणीच्या या ऑपरेशनमध्ये हजारात ३ ते ५ जणांच्या मुख्य नलिकेला इजा होते. सूज असली की सगळं एकमेकांना चिकटतं आणि मुख्य नलिकाच पिशवीची नळी वाटते. म्हणून सर्जनने पोट उघडलं, किंवा पिशवीचा थोडा भाग आत ठेवला, तर नाराज होऊ नका. तो शहाणपणा आहे.

नंतर दुखणं रोज कमी व्हायला हवं. ते वाढलं, पोट फुगलं, नाडी जलद झाली किंवा ड्रेनमध्ये (पोटातून बाहेर काढलेल्या नळीत) हिरवट-पिवळं आलं, तर पित्त गळतंय. पिशवीच्या नळीच्या टोकातून गळत असेल तर ड्रेन आणि ईआरसीपीचा स्टेंट बहुतेक वेळा पुरतो. मुख्य नलिकाच कापली गेली असेल, तर घाईने तिथेच शिवायला परवानगी देऊ नका. आधी ड्रेन टाकून जंतुसंसर्ग आटोक्यात आणायचा, मग यकृत-पित्तमार्गाच्या सर्जनकडून आतड्याचा भाग नलिकेला जोडून घ्यायचा, त्यासाठी मुंबई गाठावी लागली तरी. पहिली दुरुस्ती चुकली की पुढची जास्त अवघड होते. ऑपरेशनची नोंद आणि असेल तर व्हिडिओ सोबत घ्या.

जनआरोग्य योजनेत काय बसतं ते भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. ड्रेन असेल तर रोज किती मिलिलिटर आलं ते रंगासकट वहीत लिहा आणि पानाचा फोटो मला पाठवत जा.

तुमची,
माई