वाटलेले दिवे मोजू नका, मीटर मोजा : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय ऊर्जामंत्री महोदय,

विषय : घरगुती ऊर्जाबचतीच्या सामूहिक उपक्रमांना मिळणारे अनुदान आणि त्यांच्या मूल्यमापनाचे निकष

स. न. वि. वि.

वस्तीतल्या घरांचा ऊर्जावापर आणि त्यातून होणारे कार्बन उत्सर्जन कमी व्हावे यासाठी लोकांनीच चालवलेल्या एका उपक्रमात स्वयंसेवक या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. अनुदान वाढवून मागणे हा त्याचा हेतू नाही. ज्या कामासाठी आम्हाला अनुदान मिळते आणि ज्या कामामुळे घरातला वापर खरोखर उतरतो, ती दोन कामे एक नाहीत, हे आपल्या निदर्शनास आणायचे आहे. हे अंतर मिटवणे आपल्या खात्याच्या हाती आहे, आणि अशा उपक्रमांत राबणाऱ्या इतरांनीही या मागणीची छाननी करावी असे वाटल्याने निवेदनाऐवजी खुले पत्र लिहिणे पसंत केले.

आमच्या अहवालाच्या नमुन्यात किती दिवे वाटले, किती घरांना भेटी दिल्या, किती सभा घेतल्या आणि किती माहितीपत्रके छापली, हे भरून द्यावे लागते. त्या घरांचा वापर वर्षभरानंतर किती युनिटने कमी झाला, हे विचारणारा रकाना त्यात नाही. वाटलेल्या प्रत्येक दिव्यामागे बचतीचा एक ठरावीक आकडा गृहीत धरायचा, त्याला दिव्यांच्या संख्येने गुणायचे, आलेल्या गुणाकाराला कार्बनच्या गुणकाने, म्हणजे एका युनिटमागे किती कार्बन उत्सर्जन होते त्या आकड्याने, पुन्हा गुणायचे आणि इतके टन उत्सर्जन टळले असे जाहीर करायचे, अशी ही रीत आहे. दिवा बसवला गेला की खोक्यातच राहिला, आणि बसवला असल्यास रोज संध्याकाळभर जळणाऱ्या जागी बसला की माळ्यावर, याची त्या हिशेबाला वार्ताही नसते.

गृहीत बचत आणि प्रत्यक्ष बचत यांत किती तफावत पडू शकते, याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या हूड रिव्हर या भागात १९८० च्या दशकात विजेवर तापवल्या जाणाऱ्या घरांच्या भिंती, छते आणि खिडक्या उष्णतारोधक करण्याचा मोठा प्रयोग झाला. खर्च जवळजवळ पूर्णपणे वीजपुरवठादारांनी उचलला होता आणि पात्र घरांपैकी सुमारे ८५ टक्के घरांमध्ये काम झाले. इतका सहभाग क्वचितच पाहायला मिळतो, आणि तो जाहिरातींपेक्षा शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितल्यामुळे अधिक मिळाला, असे प्रयोगाच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. मात्र मीटर तपासले तेव्हा विजेची बचत आधीच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी भरली. वीज महागल्यामुळे बऱ्याच कुटुंबांनी आधीच हात आखडता घेतला होता, काही जण लाकूड जाळून घर ऊबदार ठेवत होते, आणि घर सुधारल्यावर त्यांनी बचतीचा काही भाग अधिक ऊब मिळवण्यात वापरला. यात कोणाची लबाडी नव्हती. अंदाज बांधणाऱ्यांनी घर पाहिले होते, घरातली माणसे कशी राहतात ते पाहिले नव्हते. हा प्रयोग फसला असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांनी मीटर पाहिला म्हणून तर आज आपल्याला हे ठाऊक आहे.

इमारतींच्या रोजच्या वापरात जगाच्या एकूण अंतिम ऊर्जावापरापैकी, म्हणजे शेवटच्या ग्राहकापर्यंत पोहोचून वापरल्या गेलेल्या ऊर्जेपैकी, सुमारे ३० टक्के ऊर्जा खर्च होते, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेची आकडेवारी सांगते. त्यातला मोठा वाटा राहत्या घरांचा आहे. तेव्हा हा विषय किरकोळ नाही, पण त्याची हाताळणी किरकोळ वस्तूंच्या वाटपापुरती राहिली आहे.

गृहभेटीत नेमके काय घडते, ते थोडे सविस्तर सांगितल्यास मुद्दा स्पष्ट होईल. ऊर्जा कुठे जाते असे विचारले की बहुतेक जण दिव्यांकडे बोट दाखवतात. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीतही हेच आढळले होते: बचतीचा उपाय म्हणून लोकांना सर्वांत आधी दिवे बंद करणे सुचले, आणि वेगवेगळ्या उपकरणांचा वापर त्यांनी प्रत्यक्षापेक्षा सरासरी २.८ पट कमी धरला. मोठ्या उपकरणांबाबत ही चूक आणखी मोठी होती. शंभर लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला सुमारे साडेतीन युनिट वीज लागते. तेवढ्याच विजेवर नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तरी अडीच महिने जळेल. हा हिशेब तोंडी सांगितला तर लोक मान डोलावतात आणि विसरतात. पण प्लगमध्ये बसवायचे छोटे मापक यंत्र आठवडाभरासाठी त्यांच्याकडे ठेवून आले की कुटुंबातली माणसे स्वतःच एकेक उपकरण तपासू लागतात. चोवीस तास एक वॅट खेचणारे उपकरण वर्षाला पावणेनऊ युनिट खाते, हे कळल्यावर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि चार्जर यांची झडती घ्यायला मुलेच सर्वांत पुढे असतात. दाराला नीट न चिकटणारे फ्रिजचे रबर, गरजेपेक्षा जास्त तापमानावर लावून ठेवलेला गिझर, धूळ साचलेली एसीची जाळी, अशा गोष्टी कोणत्याही माहितीपत्रकात मावत नाहीत, कारण प्रत्येक घरात त्या निराळ्या असतात. त्या शोधायला घरात जाऊन बसावे लागते, आणि घरात घेतले जाईल असा माणूस ओळखीचा असावा लागतो.

खरा कस लागतो तो दुसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीनंतरचा उत्साह काही आठवड्यांत ओसरतो. एखादा उपाय त्रासदायक ठरून सोडून दिलेला असतो, एखादा कोणाला तरी पटलेला नसतो. अशा वेळी परत जाऊन बिले समोर ठेवून बोलणारे कोणी असेल, तरच सवय टिकते. अनुदानाच्या नियमांनुसार मात्र दुसरी भेट ही ‘नवीन लाभार्थी’ नसल्याने मोजलीच जात नाही, त्यामुळे उपक्रम चालवणाऱ्याला नव्या दाराकडे वळणे भाग पडते. आपल्या निकषांतला सर्वांत नुकसानकारक नियम मी याला मानतो.

परत जाऊन काय बोलायचे, यालाही महत्त्व आहे. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस शहरात संशोधकांनी घरांच्या दारांवर वेगवेगळे संदेश लावून पाहिले: पैसे वाचवा, पर्यावरण वाचवा, समाजाचे भले करा, आणि तुमचे शेजारी वीज वाचवत आहेत. सर्वाधिक परिणाम शेजाऱ्यांचा उल्लेख असलेल्या संदेशाचा झाला, जरी आपल्यावर त्याचा फारसा प्रभाव पडत नाही असेच लोक सांगत होते. त्याच शहरातल्या दुसऱ्या प्रयोगात सरासरीपेक्षा कमी वीज वापरणाऱ्यांना सरासरी कळवली तेव्हा त्यांचा वापर वाढला. सोबत शाबासकीचे हसरे चिन्ह काढल्यावर ही वाढ थांबली. पुढे अमेरिकेत लाखो घरांना शेजाऱ्यांशी तुलना करणारे अहवाल टपालाने पाठवण्यात आले आणि त्यातून सरासरी सुमारे दोन टक्के बचत झाली. टपालखर्चाच्या मानाने दोन टक्के वाईट नाहीत. पण कागद तिथवरच नेतो, हेही त्यावरून दिसते.

वापर त्याहून बराच खाली येऊ शकतो, याचे एक उदाहरण अलास्कातील जुनो शहराचे आहे. एप्रिल २००८ मध्ये हिमलोटाने शहराला जलविद्युत पुरवणारी वाहिनी तोडली, डिझेलवर वीज तयार करावी लागली आणि दर कित्येक पटींनी वाढणार हे जाहीर झाले. अवघ्या काही आठवड्यांत शहराचा वीजवापर सुमारे एक चतुर्थांश घटला, आणि वाहिनी दुरुस्त झाल्यावरही बचतीचा काही भाग टिकून राहिला. लोकांवर असे संकट यावे असे कोणी म्हणणार नाही. इतकेच, की घराघरांत दडलेली बचत दोन टक्क्यांची नाही, आणि ती बाहेर काढण्यासाठी नवी यंत्रे येण्याची वाट पाहावी लागत नाही.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. मीटर मोजा असे म्हणताना केवळ युनिट उतरले की शाबासकी, असा अर्थ घेतला गेला तर तो अन्याय ठरेल. गरजेपुरतीही ऊर्जा ज्यांना परवडत नाही, अंधारात किंवा असह्य उकाड्यात अथवा थंडीत जे दिवस काढतात, त्यांचा वापर कमी आहे म्हणून ती बचत नव्हे. अशा घरात आमच्या कामानंतर वापर थोडा वाढला आणि माणसे सुखाने राहू लागली, तर ते अपयश म्हणून नोंदवले जाऊ नये. भाडेकरूंची अडचण वेगळी आहे: बिल त्यांनी भरायचे, पण भिंत, छत आणि गिझर मालकाचे. मालकाला सुधारणेत रस नाही आणि भाडेकरूला अधिकार नाही. ही गाठ स्वयंसेवकांकडून सुटणारी नाही, त्यासाठी कायदाच लागेल.

वरून आखलेली योजना कागदावर कितीही सुबक असली तरी लोकांपर्यंत पोहोचेलच असे नाही. ब्रिटनने २०१३ च्या जानेवारीत ‘ग्रीन डील’ सुरू केली. घर सुधारण्यासाठी कर्ज घ्या आणि बिलात होणाऱ्या बचतीतून ते फेडा, अशी ती कल्पना होती. २०१५ मध्ये सरकारने तिचा निधी थांबवला, तोवर जेमतेम १४ हजार कर्जे घेतली गेली होती. हा खर्च करण्याजोगा आहे हे कुटुंबांना पटवून देण्यात योजना कमी पडली, असा ठपका तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ठेवला. पटवणारी माणसे योजनेच्या आराखड्यात नंतर जोडायची बाब समजली जातात, तिथेच घोडे पेंड खाते.

कार्बनच्या हिशेबाबाबतही एक सूचना आहे. एक युनिट वीज वाचली म्हणजे किती उत्सर्जन टळले, हे ती वीज कशापासून तयार झाली यावर अवलंबून असते. कोळशाच्या विजेमागे प्रतियुनिट एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, वारा किंवा पाण्यापासूनच्या विजेमागे त्याचा अगदी लहान अंश. वीजनिर्मिती स्वच्छ होत गेली की घरात काहीही न बदलता त्या घराचा कार्बन कमी झालेला दिसेल. त्याचे श्रेय आम्ही घेऊ नये आणि आपल्या खात्याने ते आम्हाला देऊ नये. म्हणून अहवालात आधी युनिट आणि इंधन लिहावे, कार्बनचा आकडा त्या वर्षीचा गुणक नमूद करून त्याखाली द्यावा.

या सर्वांतून मागणी निघते ती अशी. प्रत्येक उपक्रमाने घरांचा भेटीआधीचा आणि भेटीनंतरचा पूर्ण वर्षाचा वापर, हवामानातील फरक लक्षात घेऊन, नोंदवावा आणि त्याच वस्तीतल्या भेट न दिलेल्या घरांशी तो ताडून पाहावा. वाटपाचे आकडे हवे तर शेवटच्या पानावर असू द्यावेत. हे शक्य व्हायचे तर कुटुंबाला आपली वापराची नोंद सहज मिळायला हवी. अमेरिकेत २०१२ पासून ‘ग्रीन बटन’ या व्यवस्थेत सहभागी पुरवठादारांचे ग्राहक आपली आकडेवारी ठरावीक नमुन्यात उतरवून घेऊ शकतात आणि मर्जी असेल त्याला देऊ शकतात. तशी सोय वीजपुरवठादारांना बंधनकारक करावी, आणि कुटुंबाच्या लेखी संमतीशिवाय ती नोंद कोणाच्याही हाती जाणार नाही, हेही त्याच नियमात लिहावे. दुसरे असे, की अनुदान एका आर्थिक वर्षापुरते न देता किमान तीन वर्षांसाठी द्यावे आणि त्यातून समन्वयकाचे वेतन भागवण्याची मुभा असावी. सध्या वस्तूंसाठी पैसे मिळतात, माणसासाठी मिळत नाहीत. परिणामी ज्याने घरे जोडली तोच पोटापाण्यासाठी वर्षअखेर दुसरीकडे जातो आणि त्याच्यासोबत ओळखी, विश्वास आणि अर्धवट राहिलेल्या दुसऱ्या भेटी जातात.

या निकषाने काही उपक्रम अपुरे ठरतील, कदाचित आमचाही ठरेल, आणि जाहीर होणारे बचतीचे आकडे पहिल्या एक-दोन वर्षांत आजच्यापेक्षा लहान दिसतील. विधिमंडळात त्यावरून आपल्याला प्रश्न विचारले जातील, याची जाणीव ठेवूनच हे लिहिले आहे. पुढील वर्षाचा अहवालाचा नमुना निश्चित करण्याआधी प्रत्यक्ष गृहभेटी करणाऱ्यांना चर्चेला बोलवावे, ही विनंती. ज्या कुटुंबांनी संमती दिली आहे त्यांच्या नोंदी, नावे व पत्ते वगळून, आम्ही त्या बैठकीपूर्वी आपल्या कार्यालयाकडे सुपूर्द करू.

आपला विश्वासू,
एक स्वयंसेवक