व्हेसुव्हिओ इटलीचा नव्हे, शिकागोचा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत ‘चिकन व्हेसुव्हिओ’ या भाजलेल्या कोंबडी-बटाट्याला इटलीचा पदार्थ म्हटलंय. तो शिकागोचा. १९३०च्या दशकात तिथल्या व्हेसुव्हिओ रेस्टॉरंटात तो जन्मला असं अनेकजण मानतात. दक्षिण इटलीतून आलेल्यांच्या घरगुती कोंबडी-बटाट्याचंच ते रूप, असं बाकीचे म्हणतात. आम्हाला दुसरं पटतं.

कृतीत मात्र घोळ नको. किलोभर चिकन हाडासकट हवं. ते आणि बटाट्याच्या लांब फोडी फडक्यानं कोरड्या पुसा, नाहीतर वाफ धरते, तांबूस कडा येत नाहीत. ऑलिव्ह तेलात परतल्यावरच लसूण घाला. आधी घातला तर करपून कडवट होतो. मग ओरेगानो, पाऊण कप व्हाइट वाइन, ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर अर्धा तास, झाकण न ठेवता. मटार शेवटी. आपल्या रश्श्याच्या सवयीनं पाणी ओतलं, की बटाटे गिचका!

– केटरिंग व्यवसायातले काही वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर