भिंतीला खिळा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर रोज बोलणं होतंच, पण एवढी गोष्ट बाबांना ऐकू जाईल इतक्या जोरात सांगायची तर शेजारी पोलीस बोलावतील. म्हणून लिहायला बसले.

शनिवारी शिकागोच्या दक्षिणेला पुलमन नावाच्या वस्तीत गेले होते. आता ती शहरातच आहे, पण मूळची कंपनीची कॉलनी. रेल्वेचे स्लीपर डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८८० साली बांधायला घेतलेली. एकाला एक लागून लाल विटांची घरं. विटासुद्धा शेजारच्या कॅल्युमेट तळ्यातल्या मातीच्या. आई, त्या काळात घरात नळ आणि गॅसचे दिवे! साहेबलोकांसाठी हॉटेल, मालकाच्या मुलीचं नाव दिलेलं. गावात दारू मिळायची ती तेवढी तिथेच, म्हणजे कामगारांना नाहीच. हिरव्या दगडाचं देखणं चर्चही बांधलं, पण तेही भाड्याने! भाडं कुठल्याच पंथाला परवडेना, म्हणून ते सुरुवातीची काही वर्षं रिकामंच पडून होतं. देवाकडे भाडं मागणारा घरमालक मी पहिल्यांदाच पाहिला.

घर मात्र कुणाला विकत मिळायचं नाही. १८९३ ची मंदी आली तसे पगार कापले, सरासरी चौथा हिस्सा. भाडं होतं तेवढंच. पगार देणारा तोच, भाडं घेणाराही तोच, मग दाद कुणाकडे मागायची? मे १८९४ मध्ये संप झाला. पुढे देशभरच्या रेल्वे कामगारांनी पुलमनचे डबे गाडीला जोडायचंच नाकारलं. शेवटी सरकारने फौज पाठवून संप मोडला. १८९७ मध्ये पुलमन गेला, तेव्हा कामगार थडगं उकरतील या धास्तीने वर काँक्रीट आणि लोखंडी रूळ घातले! पुढच्याच वर्षी कोर्टाने कंपनीला सांगितलं, घरं विकून टाका.

तिथल्या संग्रहालयात हे सगळं वाचून बाहेर आले, तर एका घरापुढे एक आजोबा स्टुलावर चढून विटांत ड्रिलने भोक पाडत होते. फुलांची कुंडी टांगायला. विटेची लाल पूड त्यांच्या चष्म्यावर उडत होती. मी रस्त्यात उभी राहून बघतच राहिले.

बाबा, आपल्या क्वार्टरमध्ये तुम्ही सव्वीस वर्षांत एक खिळा ठोकू दिला नाहीत. "घर कंपनीचं आहे." माझं बक्षिसाचं सर्टिफिकेट कपाटावर उलटं पडून राहिलं. रिटायर झाल्यावर चुना मारून चाव्या दिल्यात, तेव्हा भिंतीवर एक ओरखडा नव्हता. आईने मागे लावलेला कढीपत्ता तेवढा राहिला. तो काही चाव्यांच्या यादीत नव्हता.

आणि आता स्वतःच्या फ्लॅटला अकरा वर्षं झाली, तरी कालनिर्णय अजून खिडकीच्या गजालाच सुतळीने बांधलेलं! व्हिडिओ कॉलवर मागे दिसतं मला.

दिवाळीत येतेय. शेजारच्या काकांकडून ड्रिल मागून ठेवा. सर्टिफिकेट कुठे आहे ते आईला विचारा.

तुमची,
माई