खुर्चीत बसलेला मी आणि बाहेर बसलेला मी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला, सत्ता हातात आली की माणसाचा खरा चेहरा बाहेर येतो असा त्याचा एकंदर सूर होता. लेख छान लिहिलाय, पण मुख्य मुद्दा मला अजिबात पटला नाही आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या खोट्या तुरुंगाच्या प्रयोगाचा जो दाखला दिलाय तो तर अर्धवटच दिलाय. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण मधलं माझ्या ऑफिसचं तेवढं राहू द्या.

झालं असं की आमच्या सेक्शनचे साहेब लांबच्या रजेवर गेले आणि मी सिनियर म्हणून चार्ज माझ्याकडे आला. पगार तोच, काम साधारण तेच, फक्त बसायची जागा काचेच्या पार्टिशनच्या आत गेली. चौदा महिने होतो आत. त्याआधी मी रजेचा अर्ज टाकायचो आणि दोन दिवसांत सही झाली नाही की कॅन्टीनमध्ये बसून बोलायचो, सही करायला काय जातं यांचं, पेनातली शाई संपते का. आता तेच अर्ज माझ्याकडे यायला लागले आणि मी काय करायचो, तर पेपरवेटखाली ठेवून द्यायचो! मुद्दाम नाही हो. त्या तारखेला अजून कोण रजेवर आहे, महिनाअखेर तर नाही ना, वरून फोन आला तर काय सांगायचं, असे सतरा विचार यायचे आणि अर्ज तिथेच राहायचा. बाहेर असताना यातला एकही विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता, आणि आत बसल्यावर बाहेरच्या माणसाला ही रजा का हवी असेल हा विचार येणं बंद झालं. एकाच डोक्यात दोन्ही एकदम मावत नव्हतं बहुतेक.

एक दिवस मी बोलून गेलो, "तुम्हा लोकांना रजेशिवाय दुसरं काही सुचत नाही का?" समोर होता तो अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेला, कायम अरे-तुरे करणारा. तो शांतपणे म्हणाला, "तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला, साहेब?" त्या साहेबचा आवाज अजून कानात आहे.

मग व्हॉट्सॲप ग्रुपवर जोक यायचे बंद झाले, नुसते गुड मॉर्निंग. नंतर कळलं मला सोडून दुसरा ग्रुप काढलाय. भयंकर राग आला, पण कोणत्या तोंडाने बोलणार, आधीच्या साहेबांना वगळून जो ग्रुप काढला होता त्याचा ॲडमिन मीच होतो.

साहेब परत आले, मी परत बाहेर. आणि गंमत बघा, पंधरा-वीस दिवसांत माझी मतंसुद्धा माझ्याबरोबर बाहेर आली. परवा ड्रॉवरमध्ये चार्जच्या काळातली डायरी सापडली, त्यात एका पानावर लिहिलंय, "लोक कारणं सांगतात, स्टाफवर विश्वास ठेवून चालत नाही." अक्षर माझंच. आता मला सांगा, यातला माझा खरा चेहरा कुठला, आतला का बाहेरचा?

हे माझं एकट्याचं असतं तर पेपरला लिहिलं नसतं. सेमूर लिबरमन नावाच्या संशोधकाने अमेरिकेतल्या एका कारखान्यात १९५१ ते १९५४ या काळात नेमकं हेच पाहिलं. त्याने आधी सगळ्या कामगारांची मतं विचारून ठेवली, कोण पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नव्हतं तेव्हा. नंतर त्यातले काही फोरमन झाले आणि काही युनियनचे प्रतिनिधी म्हणून निवडून आले. आधी या दोन गटांच्या मतांत म्हणावा असा फरक नव्हता, पण नवीन काम मिळाल्यावर फोरमन झालेले मॅनेजमेंटच्या बाजूने बोलायला लागले आणि प्रतिनिधी झालेले युनियनच्या. आता कोणी म्हणेल यात नवल काय, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. पण पुढचं ऐका. मंदी आली, काही फोरमनना परत साधं कामगार केलं, आणि त्यांची मतं बरीचशी पुन्हा जुन्या जागी गेली. प्रतिनिधीपद सोडून परत आलेल्यांचं एवढं स्पष्ट दिसलं नाही, ते मात्र खरं. म्हणजे सरसकट नियम नाही, पण चेहरा आधीपासून आत लपला होता हे म्हणणं या कारखान्यात तरी टिकत नाही.

कारण काय तर एक म्हणजे आपण कोणाकडे बघून स्वतःला मापतो ती माणसं बदलतात, आणि दुसरं म्हणजे ते कामच तुमच्याकडून वेगळं बोलणं मागतं, आणि रोज जे बोलतो ते हळूहळू आपलं मतच होऊन बसतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला असं म्हणतात, पण इथे नुसता शेजार नाही, दावणच वेगळी असते.

आता स्टॅनफर्ड. १९७१ साली फिलिप झिंबार्डो या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना गार्ड आणि कैदी करून खोटा तुरुंग मांडला, दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला, इथपर्यंत लेखात बरोबर आहे. पण गार्डना सुरुवातीलाच कैद्यांना हतबल वाटायला लावायचं असं सांगितलं होतं, आणि एका मवाळ गार्डला तू जरा कडक हो म्हणून समजावतानाचं रेकॉर्डिंगही उपलब्ध आहे, हे लेखात कुठे आहे? सगळे गार्ड क्रूर झालेही नव्हते. पुढे इंग्लंडमध्ये हास्लम आणि रायशर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये बीबीसीबरोबर तसाच तुरुंग मांडला, तिथे गार्डना आपल्या भूमिकेबद्दलच अवघडल्यासारखं झालं आणि कैदी एक झाले, गार्डांचा कारभारच कोसळला. म्हणजे युनिफॉर्म घातला की माणूस आपोआप राक्षस होतो असं नाही. त्यासाठी तो गट आपला वाटला पाहिजे आणि वरून कोणीतरी हेच बरोबर म्हणणारं पाहिजे. माझ्या बाबतीत पेपरवेट कोणी माझ्या हातात दिला नव्हता, अर्ज त्याच्याखाली मीच ठेवत होतो, तेव्हा खुर्चीवर सगळं ढकलून मी मोकळा होतोय असं कृपा करून समजू नका.

गटाचं अजून एक. चार्जवर असताना वरच्या मिटिंगला बसायचो. एकदा एक अशक्य तारीख ठरली, सगळ्यांना माहीत होतं जमणार नाही, सगळे माना डोलावत होते, मीही डोलावली. मग कोपऱ्यातून एक नवीन मुलगी म्हणाली, "सर, हे नाही होणार." त्यानंतर चार जणांना कंठ फुटला, पाचवा मी. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या आसपास हेच दाखवलं होतं, कोणत्या रेघा सारख्या लांबीच्या एवढंच सांगायचं, पण गटातले बाकीचे आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही साधारण एक तृतीयांश वेळा लोक गटाचं चुकीचं उत्तर देत होते, पण गटातल्या एकाने जरी खरं उत्तर दिलं तरी ते प्रमाण एकदम खाली यायचं. बरं, एक तृतीयांश म्हणजे बाकी दोन तृतीयांश वेळा लोक आपल्या डोळ्यांवरच विश्वास ठेवत होते, हे कोणी सांगत नाही, कारण त्याची हेडलाइन होत नाही.

त्या मुलीला नंतर कोणी शाबासकी दिली नाही. मीसुद्धा.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी स्टॅनफर्डच्या परिच्छेदाखाली चार ओळींचा खुलासा छापा. आणि पत्र छापलंत तर खाली माझं नाव नको, आमचे साहेब तुमचाच पेपर वाचतात आणि माझा एक रजेचा अर्ज सोमवारपासून त्यांच्या टेबलावर आहे.

आपला,
एक नियमित वाचक